सांभाळणाऱ्याचीही झोप

डिमेन्शिया झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्याची आधी झोप जाते, मग धीर सुटतो. कोविडच्या काळात छत्रपती संभाजीनगरमधल्या आमच्या सिडकोतल्या घरात हे मी अनुभवलं. पुन्हा अशी वेळ आली तर तुमचे हाल होऊ नयेत, म्हणून लिहिते आहे.

माझे सासरे, नाना, एस.टी.त कंडक्टर होते. निदान आधीच झालं होतं, पण दिवसाला घडी बसली होती. सकाळी सिद्धार्थ उद्यानात फेरी, दुपारी सोबतीला मावशी, अधूनमधून पैठणहून नणंद यायची. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळं एकदम थांबलं. दिवेलागणीला नानांची उलघाल सुरू व्हायची. "वेबिल भरायचंय, डेपोत सोडा मला," म्हणत ते कडी ओढत राहायचे. औषधं आणून मास्कसकट समोर गेले की घरात परकी बाई शिरली म्हणून घाबरायचे. रात्रभर जागे, त्यामुळे मीही जागी.

जुलैमध्ये 10 ते 18 तारखेपर्यंत शहर कडकडीत बंद होतं, तेव्हा मला स्वतःची काळजी वाटू लागली. छातीत धडधड, जेवण नकोसं, कुणाचा फोन घ्यावासा वाटेना. हे कधी संपणार, हा विचार मनात यायचा आणि मग त्याचीच लाज वाटायची. ही लक्षणं अंगावर काढू नका. असे विचार येणारी माणसं वाईट नसतात, ती थकलेली असतात. आपला हात उठेल अशी भीती वाटली, तर त्या क्षणी घरातल्या दुसऱ्याला हाक मारा आणि खोलीबाहेर पडा.

आमच्याकडे फरक पडला तो पाळ्या लावल्यावर. मध्यरात्रीनंतर नानांजवळ माझे यजमान झोपू लागले आणि मला सलग झोप मिळाली. नणंद रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नानांशी बोलायची, तेवढ्यात मी गच्चीवर जाऊन यायचे. लांबच्या नातेवाइकांना "काळजी घ्या" एवढंच म्हणू देऊ नका, ठरलेली वेळ मागून घ्या. नानांशी वाद घालणंही सोडलं. "ड्यूटी संपली" हे पटवण्यापेक्षा वही, पेन आणि डबाभर सुट्टी नाणी पुढे ठेवली. ते नाणी मोजत, आकडे मांडत, आणि कडी विसरत. "बाई, तिकीट घेतलं का?" विचारलं तर मी म्हणायचे, "घेतलं नाना, सिल्लोडचं."

एक गोष्ट डॉक्टरांकडून कळली, ती प्रत्येक घराला माहीत हवी. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, माणूस सुस्त झाला, तर आजार पुढे सरकला असं समजून बसू नका. म्हाताऱ्या माणसात कोविड किंवा लघवीचा संसर्ग ताप न येताही असा दिसू शकतो. लगेच दाखवा.

देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे सांभाळणारेही लाखोंच्या घरात, बहुतेक घरातल्याच बायका. आता मानसिक आधारासाठी टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे.

आणि आपणच आजारी पडलो तर काय, हे आधी ठरवा. औषधं, त्यांच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, माणूस कोणत्या हाकेला ओ देतो, कशाने शांत होतो, हे एका कागदावर लिहा. एक प्रत घरात, एक शेजाऱ्यांकडे. आमच्या कागदावर सुट्ट्या नाण्यांचा डबा कुठल्या कपाटात आहे, तेही लिहिलेलं होतं.