उसाला क जीवनसत्त्व पाजावं का?

प्रश्न : टिश्यू कल्चरची उसाची रोपं करताना बाटलीत क जीवनसत्त्व घालतात, असं ऐकलं. मग तेच लावणीवर फवारलं तर ऊस जोमानं वाढेल का?
– एक वाचक, बोरगाव (जि. बेळगाव)

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे, फवारणीची मात्र घाई नको.

वांगं चिरलं की काळं पडतं, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. उसाच्या कोवळ्या कोंबाचंही तसंच. कापलेल्या जागेतून फिनॉल पाझरतात, ऑक्सिजनशी संयोग होऊन ते तपकिरी, विषारी बनतात आणि तुकडा आपल्याच रसानं मरतो. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, हे रोखतं. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाची अशी रोपं तयार होतात. अशा ठिकाणी बाटलीतलं हे आम्ल मुख्यतः जखमेवरचं औषध असतं, खत नव्हे.

पण पेशींच्या वाढीतही ऑक्सिजनचा मारा रोखणाऱ्या अशा पदार्थांचा हात असतो. मुळाच्या टोकाशी काही पेशी जवळजवळ झोपलेल्या असतात आणि तिथं क जीवनसत्त्व कमी असतं. मक्याच्या मुळांना ते बाहेरून दिल्यावर या पेशी विभागू लागल्या. ग्लुटाथायोन हे दुसरं असंच रसायन. ते पुरेसं बनवता न येणाऱ्या अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपाचं मूळ उगवल्यानंतर वाढतच नाही.

म्हणून जास्त ते चांगलं, असं नाही. पेशी लांबायची तर तिची भिंत आधी सैल व्हावी लागते, आणि त्या कामाला ऑक्सिजनचे ते उपद्रवी रेणू लागतात, ज्यांना आपण शत्रू समजतो आणि क जीवनसत्त्व निकामी करतं. पुढे भिंत घट्ट करायलाही त्यांतलंच हायड्रोजन पेरॉक्साइड कामी येतं. सगळेच रेणू पुसून काढले तर वाढच अडेल.

आणि हिरवं पान क जीवनसत्त्व स्वतःच तयार करतं. क्षारांच्या ताणाखालच्या काही पिकांना फवारणीचा उपयोग प्रयोगांत दिसला आहे. पण पाण्यात कालवलेलं हे आम्ल हवेत आणि उजेडात टिकत नाही. रान क्षारपड असेल, तर फवारणीचे पैसे निचऱ्याच्या चरावर घाला.