आमच्या घराण्याचं पित्त

आमच्याकडे पित्त हा आजार नव्हताच, ती घराण्याची खूण होती. आजोबांना पित्त, अण्णांना पित्त, दोन्ही चुलत्यांना पित्त. पुरणपोळीच्या जेवणानंतर घरात सोड्याची पुडी फिरायची आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. रात्रपाळी, जागरणं, वेळी-अवेळी चहा. छातीत जळजळतंय म्हटलं की कारण शोधायला लांब जावं लागत नसे. नेहमीच्या डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली, ती लागू पडली, आणि पुढे ती चिठ्ठीशिवायच दुकानातून येऊ लागली.

मग अण्णांचं दोन घासांत पोट भरायला लागलं. पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून घेतलं, तेव्हा 'चला, पोट तरी कमी झालं' असं ते हसत म्हणाले होते. हिमोग्लोबिन उतरलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दुर्बीण घातली गेली तोवर गाठ जठराच्या भिंतीत खोलवर गेली होती. पित्ताच्या गोळीचा हा एक फसवेपणा कुणी सांगत नाही: जठरातल्या कॅन्सरचं सुरुवातीचं दुखणंही ती काही काळ शांत करते. म्हणून पंचेचाळिशीच्या पुढे नव्यानं सुरू झालेली जळजळ, किंवा कोणत्याही वयात वजन उतरणं, रक्त कमी होणं, काळी शौच, गिळताना अडकणं, दोन घासांत पोट भरणं यांपैकी काही असेल, तर गोळी बदलून मागू नका. दुर्बीण मागा.

बायोप्सीच्या अहवालात निदानाखाली आणखी एक ओळ होती: एच. पायलोरी आढळले. वरच्या ओळीनं घर इतकं हादरलं की खालची कुणी वाचली नाही, आणि आम्हाला कुणी समजावूनही सांगितली नाही. अण्णा गेल्यावर फाईल नीट लावताना मी ती वाचली.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरात राहणारा जंतू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तो १९८२ मध्ये वेगळा करून दाखवला. एवढ्या आम्लात जंतू जगेल यावर कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा मार्शलनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं या जंतूला तंबाखूच्याच पंक्तीत, कॅन्सरचं सिद्ध कारण म्हणून बसवलं होतं. तो बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात, तोंडावाटे किंवा दूषित पाण्यातून येतो आणि उपचार न केल्यास जन्मभर मुक्काम करतो.

आता घाबरण्याआधी हेही वाचा. आपल्या देशात हा जंतू घरोघरी आहे, तरीही जठराचा कॅन्सर जपान-कोरियाच्या मानानं खूपच कमी. मिझोराममध्ये तो भरपूर दिसतो, आपल्या महाराष्ट्रात त्या मानानं थोडा. जंतू असलेल्या शंभरांपैकी सर्वसाधारणपणे दोघा-तिघांना कॅन्सर होतो. मग ते दोघे-तिघे कोण?

याचं एक उत्तर जपानमधून २०२३ मध्ये आलं. तिथं जठराच्या कॅन्सरचे दहा हजारांवर रुग्ण आणि अडतीस हजारांवर निरोगी माणसं यांची जनुकं तपासली. एटीएम, बीआरसीए-१, बीआरसीए-२, पाल्ब-२ ही जनुकं तुटलेला डीएनए जोडण्याच्या कामाची. जंतू जठराच्या पेशींतला डीएनए तोडत राहतो, आणि यांपैकी एखादं जनुक जन्मतःच सदोष असेल तर जोडणारा हातच लुळा पडतो. जंतू आहे पण जनुकं ठीक, अशांना वयाच्या पंच्याऐंशीपर्यंत जठराचा कॅन्सर होण्याचा धोका सुमारे १४ टक्के निघाला. जंतूही आहे आणि जनुकही सदोष, त्यांना सुमारे ४५ टक्के. सदोष जनुक आहे पण जंतू नाही, त्यांना पाच टक्क्यांहून कमी. हे आकडे जपानचे आहेत, तिथं हा कॅन्सरच मुळात जास्त; ते जसेच्या तसे नाशिकला लावू नका. पण जनुक आणि जंतू एकत्र आले की धोक्याची नुसती बेरीज होत नाही, तो कितीतरी पटींनी वाढतो, एवढं त्यातून घ्या.

बीआरसीएचा संबंध स्तनाच्या कॅन्सरशीही आहे, म्हणून मला आत्या आठवली. पंचेचाळिशीच्या आत तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता, त्यातून ती बरी झाली. तिला विचारलं तर म्हणाली, "अरे, माझी गाठ कुठं आणि अण्णाचं पोट कुठं! त्याचा काय संबंध?" कॅन्सरच्या जनुकीय सल्ल्यासाठी खारघरला, टाटाच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये गेलो. तिथं पहिली मागणी रक्ताची नव्हती, तीन पिढ्यांच्या तक्त्याची होती. कोण, कशानं, कितव्या वर्षी गेलं.

आमचं मूळ गाव संगमनेरकडचं, सांगणारी माणसं उरली नाहीत. नाशिकला रामकुंडावर आमच्या क्षेत्रोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत, म्हणून तिथं गेलो. गुरुजींनी लांबट वही उलगडली. पणजोबा अस्थी घेऊन आले त्याची नोंद, बरोबर आलेल्यांची नावं, खाली मोडीतली सही. पाहून अंगावर काटा आला खरा, पण कामाचं काहीच नव्हतं. कोण कशानं गेलं ते नाही, आणि लग्न होऊन गेलेल्या मुली तर नाहीतच. नेमक्या त्याच हव्या होत्या. शेवटी आईच्या ओळखीतल्या एका नव्वदीच्या आजींनी फोनवर सांगितलं, आजोबांची एक बहीण 'पोटात गोळा येऊन' गेली, दुसरी 'छातीच्या गाठीनं'. तुमच्याकडे अशा आजी असतील तर त्यांना आजच फोन करा. आणि फक्त आईकडचं विचारू नका. बीआरसीए बापाकडूनही तितकंच येतं.

तपासणी आधी आजार झालेल्या माणसाची करायची, म्हणून आत्याचं रक्त पहिलं. बीआरसीए-२ मध्ये दोष निघाला. मग आम्हा भावंडांचं. अण्णांमध्ये तो दोष असेल तर प्रत्येकाला निम्मी शक्यता. मला तो आला, धाकट्याला नाही. अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा शेरा असेल तर त्यावर कसलाही निर्णय घेऊ नका, तो दोष ठरत नाही. आणि या जनुकाचा संबंध एकट्या जठराशी नाही: स्तन, बीजकोश, स्वादुपिंड, पुरुषांत प्रोस्टेट, सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं.

जनुक बदलता येत नाही. जंतू घालवता येतो. माझी दुर्बीण झाली तेव्हा डॉक्टरांनी जठरातला कणभर तुकडा एका पिवळ्या गोलात ठेवला आणि मला बघत बसायला सांगितलं. घशाचा बधिरपणा उतरायच्या आत पिवळ्याचा गुलाबी झाला. म्हणजे जंतू हजर. चौदा दिवस दोन-तीन अँटिबायोटिकं आणि पित्ताची गोळी. तोंड कडू होतं, बिस्मथ असेल तर शौच काळी होते, मेट्रोनिडॅझोल असेल तर दारू वर्ज्य. (वाइनच्या गावात हे सांगावं लागतं.) बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका, आपल्याकडे या औषधांना न जुमानणारे जंतू भरपूर आहेत.

जंतू धाकट्यालाही निघाला, पण त्याची गंमत वेगळीच झाली. कोर्स संपल्यावर त्यानं एका लॅबमध्ये रक्ताची तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली, आणि त्याला पुन्हा सगळी अँटिबायोटिकं घ्यायला लावली. रक्तातली प्रतिपिंडं जंतू गेल्यावरही महिनोन्‌महिने राहतात, त्यावरून काही ठरत नाही. जंतू गेला का हे श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीतून कळतं, तेही अँटिबायोटिकं संपून चार आठवडे आणि पित्ताची गोळी बंद होऊन दोन आठवडे झाल्यावर. गोळी चालू असेल तर जंतू लपतो आणि तपासणी खोटा दिलासा देते. एवढा खटाटोप का, तर कोरियात जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या आई-वडिलांवर, भावंडांवर आणि मुलांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये आला: जंतू खरोखर गेला त्यांच्यापैकी ०.८ टक्के जणांना पुढे हा कॅन्सर झाला, ज्यांचा राहिला त्यांच्यापैकी २.९ टक्के जणांना.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. सीडीएच-१ या जनुकाचा दोष जंतूची वाट बघत नाही. न्यूझीलंडमधल्या एका माओरी घराण्यात तरुण माणसं जठराच्या कॅन्सरनं जात होती. त्यांनीच संशोधकांना गाठलं आणि १९९८ मध्ये हा दोष सापडला. ही गाठ अस्तराखाली पसरते, दुर्बिणीला चुकवते. घरातल्या जुन्या अहवालात 'सिग्नेट रिंग' किंवा 'डिफ्यूज' हे शब्द असतील आणि माणूस पन्नाशीच्या आतला असेल, तर तो अहवाल घेऊन जनुकीय सल्लागाराकडे जा. रुग्णालयाकडचा तुकड्याचा मेणाचा ठोकळाही मागून ठेवा.

आत्याच्या मुलीनं जनुकाची तपासणी करायला साफ नकार दिला. तिच्या लेकीचं लग्न जमवायचं चाललंय, सोयरिकीत अशा गोष्टी कानोकानी फिरतात. मी वाद घातला नाही. तो तिचा अधिकार आहे. जंतूची तपासणी तेवढी कर म्हटलं, त्याला सोयऱ्यांची हरकत नसते. ती तिनं करून घेतली, नवऱ्याचीही केली. दोघांच्याही पोटात होता.