मांजरीचं ऑपरेशन आणि त्यानंतरचे दहा दिवस

मैत्रिणींनो, शेळी, कोंबडी, गाय यांच्याबद्दल आपण बैठकीत नेहमी बोलतो. मांजरीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. ती दूध देत नाही, अंडी देत नाही, तिच्यावर कर्जही मिळत नाही. पण कणगीतली ज्वारी, शेंगांची पोती आणि पुढच्या हंगामाचं बियाणं उंदरांपासून राखते ती तीच.

आणि दर काही महिन्यांनी माळ्यावर नाहीतर जळणाच्या खोपीत पिलं सापडतात. मग घरातून हुकूम सुटतो, “पोत्यात घाल आणि ओढ्याकडं सोडून ये.” हे काम बहुतेक वेळा आपल्याच वाट्याला येतं, नाहीतर पोरांच्या. मांजर दोन-तीन दिवस ओरडत पिलं हुडकत फिरते आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. पाळलेलं जनावर असं कारण नसताना सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे. यावर पक्का उपाय आहे, तो म्हणजे मांजरीचं पिलं बंद करण्याचं ऑपरेशन. या अंकात तेच नीट समजून घेऊ.

हिशेब आधी करू

मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, काही तर चौथ्या महिन्यातच. माजावर आलेली मांजर रात्रभर ओरडते, जमिनीवर लोळते, मागचा भाग वर उचलते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाला अंग घासते. पुष्कळ जणींना वाटतं की तिच्या पोटात दुखतंय. तसं नसतं. बोका मिळाला नाही तर ती दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते.

मांजर साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते. एका वेळेला बहुधा तीन ते पाच पिलं होतात. पिलं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. आता वहीत मांडा. वर्षाला दोन वेत आणि दर वेताला चार पिलं धरली तर आठ पिलं झाली. त्यातल्या चार माद्या धरल्या तर पुढच्या वर्षी आई धरून पाच माद्या. त्यांची त्याच हिशेबानं चाळीस पिलं. सगळी जगत नाहीत हे खरं. पण ती मरतात कशी? कुत्र्यांच्या तोंडी, गाडीखाली, नाहीतर उपासमारीनं.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

मांजरीला पूर्ण भूल देतात. पोटाच्या मध्यावर किंवा कुशीला छोटी चीर घेऊन दोन्ही बीजांडं, आणि बहुतेक वेळा गर्भाशयही, काढून टाकतात. मग टाके घालतात. यानंतर ती माजावर येत नाही, रात्रीचं ओरडणं थांबतं, दाराशी बोक्यांची भांडणं कमी होतात.

तब्येतीचाही फायदा आहे. न केलेल्या मांजरीला मोठ्या वयात गर्भाशयात पू होण्याचा आजार होऊ शकतो आणि त्यात जीव जातो. मांजरीच्या आचळातली गाठ बहुतेक वेळा कॅन्सरचीच निघते. लहान वयात, पहिल्या माजाच्या आधी ऑपरेशन झालं तर हा धोका फारच कमी होतो.

गोळी-इंजेक्शनचा सोपा रस्ता कोणी सांगितला तर ऐकू नका. पाळी-गर्भाच्या औषधांनी मांजरीच्या गर्भाशयात पू होण्याचा आणि आचळाच्या गाठींचा धोका वाढतो. आपल्या गर्भनिरोधक गोळ्या तर तिला मुळीच देऊ नयेत.

घरात जे प्रश्न येतात

“एक वेत तरी होऊ द्या, मग करा.” वेत झाल्यानं मांजरीच्या तब्येतीला काही फायदा होत नाही. उलट उशीर जितका जास्त तितका ऑपरेशनचा फायदा कमी.

“मग ती उंदीर मारायची नाही.” शिकार करणं आणि माजावर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशन झालेली मांजर उंदीर मारतेच.

“ती लठ्ठ होते.” भूक थोडी वाढते आणि अंगाला अन्न मात्र कमी लागतं, म्हणून वजन वाढू शकतं. घास थोडा कमी करा, एवढंच.

“देवाच्या कामात हात घालू नये.” सासूबाईंशी वाद घालू नका. फक्त एवढं विचारा, “आई, पिलं ओढ्यावर सोडतो तेव्हा हात कोणाचा असतो?”

“बोक्याचंच करून टाकू.” बोक्याचं ऑपरेशन सोपं आणि लवकर बरं होणारं आहे, जरूर करावं. पण गावात दुसरे बोके असतातच. घरची मांजर गाभण राहू नये असं वाटत असेल तर ऑपरेशन तिचंच करावं लागेल.

कधी आणि कुठे?

मांजर पाच महिन्यांच्या आसपास आणि दोन किलोची झाली की डॉक्टरांना विचारा. नुकतीच व्यालेली असेल तर पिलं खायला लागून अंगावरून तुटेपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने थांबावं लागतं. या काळात तिला बोक्यापासून दूर ठेवा. माजावर असेल तर डॉक्टर काही दिवस पुढची तारीख देऊ शकतात. गाभण असल्याची शंका असेल तर ते आधीच सांगा.

हे ऑपरेशन पदवीधर, नोंदणी असलेल्या पशुवैद्यक डॉक्टरांनीच करायचं असतं. आपली पशुसखी सल्ला देईल, सोबत येईल, पण ऑपरेशन तिचं काम नाही. श्रेणी-१ च्या सरकारी दवाखान्यात पदवीधर डॉक्टर असतात, पण मांजरीच्या ऑपरेशनची सोय सगळीकडे नसते. म्हणून आधी चौकशी करा. तालुक्याचं आणि जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, तसंच मुंबई, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने, इथंही विचारता येतं. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. जवळची सोय विचारायला तोही लावून बघा.

डॉक्टरांना पाच गोष्टी विचारून वहीत लिहा: एकूण खर्च किती, त्यात औषधं धरली आहेत का, किती तास आधीपासून खायला द्यायचं नाही, टाके विरघळणारे की काढायचे, आणि रात्री काही झालं तर फोन कोणाला करायचा.

नेण्याची तयारी

भुलेच्या वेळी पोट भरलेलं असेल तर उलटी होऊन ती श्वासनळीत जाऊ शकते. म्हणून अन्न बंद ठेवायला सांगतात. किती तास, ते डॉक्टरच ठरवतील. लहान पिलाला फार वेळ उपाशी ठेवायचं नसतं. आदल्या रात्रीच मांजर घरात कोंडून ठेवा, नाहीतर सकाळी ती उंदीर खाऊन येईल आणि खेप फुकट जाईल. चुकून काही खाल्लंच तर डॉक्टरांना खरं सांगा.

पोत्यात किंवा पिशवीत बांधून नेऊ नका, जीव गुदमरतो. टोमॅटोची दोन कॅरेट घ्या. एकात जुनी गोधडी अंथरा, दुसरं त्यावर उपडं घाला आणि चारी बाजूंनी सुतळीनं घट्ट बांधा. वरून पातळ कापड टाका, अंधारात मांजर शांत राहते. एका कॅरेटमध्ये एकच मांजर.

पहिली रात्र

घरी आणल्यावर ती झिंगल्यासारखी चालेल, पडेल. काही भुलींमध्ये डोळे उघडेच राहतात, त्याला घाबरू नका. तिला चुलीपासून, पायऱ्यांपासून आणि पाण्याच्या हौदापासून दूर, शांत खोलीत जमिनीवर ठेवा. खाटेवर किंवा फळीवर नको, तोल जातो. अंग गार पडतं, म्हणून गोधडी द्या. गरम पाण्याची बाटली ठेवायची तर फडक्यात गुंडाळून आणि अंगाला न चिकटवता.

नीट शुद्धीवर येऊन मान धरेपर्यंत तोंडात पाणी किंवा अन्न घालू नका. मग आधी थोडं पाणी आणि नंतर रोजच्या निम्मं खाणं द्या. दूध देऊ नका, मोठ्या मांजरांना बहुधा ते पचत नाही आणि हगवण लागते. घरातली पोरं आणि कुत्रं यांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

पुढचे दहा दिवस

मांजर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरी दिसते, उड्या मारायला बघते. इथंच घोटाळा होतो. बाहेरून बरी झाली तरी आतले टाके ओले असतात. म्हणून दहा ते चौदा दिवस ती घरातच राहिली पाहिजे.

चाटणं थांबवा. मांजरीची जीभ खरखरीत असते, ती टाके उसवते आणि जखम चिघळवते. दवाखान्यात गळ्यात घालायची प्लास्टिकची कॉलर मिळते. शिवणकाम करणाऱ्या ताया घरीच झबलंही शिवू शकतील. जुन्या सुती टी-शर्टची बाही घ्या, मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी ठेवा, चार पायांना चार भोकं पाडा, शेपटीखालचा भाग मोकळा सोडा. फार घट्ट नको, दोन बोटं आत गेली पाहिजेत. ओलं झालं की बदला.

जखम दिवसातून दोनदा उजेडात बघा, हात न लावता. पहिले एक-दोन दिवस थोडी लाली आणि थोडी सूज चालते. जखम दिवसागणिक सुकत गेली पाहिजे. मांजरीला आंघोळ घालू नका.

शौचासाठी पसरट घमेल्यात फाडलेला कागद ठेवा. या दिवसांत माती किंवा राख नको, ती जखमेला चिकटते. घमेलं रोज साफ करा. घरात गर्भार सून किंवा लेक असेल तर हे काम तिनं करू नये. मांजरीच्या विष्ठेतून होणारा एक आजार पोटातल्या बाळाला अपाय करू शकतो. तिला दुसरं कोणी नसेलच तर तिनं हातमोजे घालावेत आणि नंतर साबणानं हात धुवावेत.

औषधाची गोळी डॉक्टरांनी सांगितली तेवढीच आणि तितकेच दिवस. टाके काढायचे असतील तर दहा ते चौदा दिवसांच्या आत डॉक्टर बोलावतील.

हे मुळीच करू नका

• तापाची-दुखण्याची आपली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते.
• जखमेवर हळद, तेल, राख, तंबाखू लावू नका. मांजर ते चाटते.
• डेटॉल किंवा फिनेल वापरू नका. दोन्ही मांजरीला विषारी आहेत.
• गुरांच्या किंवा कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मांजरीला लावू नका, त्यानं झटके येऊन ती मरू शकते.

लगेच डॉक्टरांना फोन कधी करायचा?

• जखमेतून रक्त थेंब-थेंब येत राहिलं, किंवा जखम उघडली, आतलं काही बाहेर डोकावलं. अशा वेळी आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या फडक्यानं झाका आणि तसंच दवाखान्यात न्या.
• पू, घाण वास किंवा वाढत जाणारी सूज दिसली.
• हिरड्या पांढऱ्या फटक पडल्या, श्वास जोरात चालला, अंग गार पडलं.
• २४ तासांनंतरही काहीच खात नाही, किंवा पुन्हा पुन्हा उलटी होते.
• लघवी होत नाही, नुसती बसून कण्हते.

“सकाळी बघू” म्हणू नका. मांजर दुखणं लपवते. ती कोपऱ्यात गप्प बसली म्हणजे तिला बरं वाटतंय असं नाही.

गटानं काय करावं?

एकटीनं एक मांजर घेऊन तालुक्याला जायचं तर भाडं परवडत नाही आणि घरात “मांजरीवर कोण पैसे घालतं?” हे ऐकावं लागतं. तीन-चार जणींनी मिळून डॉक्टरांकडून एकच दिवस ठरवून घेतला तर गाडीभाडं वाटून जातं, पशुसखीही सोबत येते. दहा जणींनी आठवड्याच्या बैठकीला पाच-पाच रुपये वेगळे टाकले तर चार महिन्यांत साधारण आठशे रुपये जमतात. पूर्ण खर्च निघेल असं नाही, पण सुरुवात होते आणि घरात मागायला जाताना हात रिकामा राहत नाही. त्याच खेपेत रेबीजची लसही विचारून घ्या. मांजरीच्या चाव्यातूनही रेबीज होतो.

पुढच्या बैठकीत या तीन प्रश्नांवर बोला आणि उत्तरं इतिवृत्तात लिहा:

१. आपल्या गटात किती घरी मांजरी आहेत? त्यातल्या माद्या किती, गाभण किती, पिलंवाल्या किती?
२. जवळ कोणत्या दवाखान्यात हे ऑपरेशन होतं, खर्च किती? विचारून कोण येणार?
३. ऑपरेशन झालेल्या मांजरीला दहा दिवस घरात ठेवायला कोणाकडे रिकामी खोली आहे? कोणाकडे नसेल तर शेजारणीनं ठेवून घ्यावं का?

आपण घरातल्या प्रत्येकाच्या दुखण्याखुपण्यात दहा दिवस काढतोच. या वेळचे दहा दिवस मांजरीसाठी काढले तर पुन्हा कोणाच्या हातात पिलांचं पोतं द्यावं लागणार नाही.