दोरी सुटते तेव्हा

चि. मुक्ता,


तुझ्या फिल्मचा आराखडा वाचला. घरातल्या गमतीजमती खऱ्या कळसूत्री बाहुल्यांवर आणि आजी जाते तो प्रसंग संगणकावर, असं तू ठरवलंयस. माझं ऐकशील तर नेमकं उलट कर.

पिंगुळी गावच्या ठाकर कलावंतांचा खेळ बघताना पात्राच्या तोंडाकडे बघू नकोस, ते कोरलेलं असतं, बदलत नाही. वर दोरी धरलेल्या हाताकडे बघ. पात्र गप्प उभं असतानाही दोरी बारीक हलत असते, म्हणून ते जिवंत वाटतं. दोरी सैल पडली की मान कलते, हात लोंबतात आणि समोर नुसतं लाकूड उरतं. वेगळं काही सांगावं लागत नाही. संगणकात लाकडाचं हे वजनच नाही. तिथे चित्र थांबलं तर बघणाऱ्या पोरांना वाटेल व्हिडिओ अडकला. मग ती उणीव भरायला तू धूर, उजेड, पांढरे पक्षी घालत बसशील. (पक्षी तर मुळीच नकोत.)

संगणक ठेव गमतीजमतींच्या आठवणींसाठी. बाहुली स्कॅन कर, खांदा-कोपर सुटे काढ, सांध्यावर फिरव. लोट्टे रायनिगर यांनी 'प्रिन्स अख्मेद' हा चित्रपट १९२६ साली अशाच सांधेवाल्या आकृत्या कातरून, एकेका चित्रासाठी जराजरा सरकवून केला. तूही सेकंदाला २४ ऐवजी १२ चित्रं दे. हालचाल किंचित अडखळू दे. फार गुळगुळीत झाली तर लाकडाच्या बाहुलीशी तिची सोयरीक जमणार नाही. मे महिन्यात आलीस की परशुराम गंगावण्यांनी गोठ्यात उभारलेलं संग्रहालय नीट बघ. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे बाहेरच्यांना पिंगुळीचा रस्ता कळला!

निवेदनात 'आजी झोपली' काढून टाक. लहान मूल ते खरं धरतं आणि रात्री डोळे मिटायला घाबरतं. 'देवाघरी गेली' म्हटलंस तर परत कधी येणार विचारतं. 'आजी मेली. आता ती श्वास घेत नाही, तिला काही दुखत नाही,' एवढं सरळ सांग. मोठ्यांना खटकेल, खटकू दे.

आजी जाते तो शॉट एका दमात घे, मध्ये तोडू नकोस. दोरी सोडणारा हात चौकटीत आला तर पुसूही नकोस. आजीची बाहुली तुझ्या आईबरोबर पाठवतोय. मानेची दोरी वेगळी बांधलीय, ती सगळ्यात शेवटी सोडायची. सूत्रं कोणाच्या हातात देणार ते आधी कळव. नवशिक्याचा हात थरथरतो आणि मेलेली आजी हलते.

तुझा,
मामा