दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

मुलांनो, पावसाळ्यात छत्रीची एक काडी मोडली तर तुम्ही काय करता? छत्री टाकून देता का? नाही. ती छत्रीवाल्याकडे नेता. तो काडी बसवून देतो आणि छत्री आणखी दोन पावसाळे चालते. मात्र कापडच जागोजागी विरले असेल, तर तोच छत्रीवाला म्हणतो, "आता नवीन घ्या." त्याला हे पाहताक्षणी कळते. लॅपटॉपचे तसे नसते. तो बिघडला की आधी तपासावा लागतो. ही तपासणी कशी करायची, ते आज पाहू.

त्यासाठी आपण सनदला जाऊ. नकाशात अरबी समुद्राच्या पलीकडे इराणचे आखात शोधा. त्या आखातात बहारीन नावाचा लहानसा बेटांचा देश आहे. त्याची राजधानी मनामा. तिच्या दक्षिणेस, तुबली उपसागराच्या काठी सनद ही वस्ती आहे. आपल्या कोकणच्या खाड्यांत जे तिवराचे झाड वाढते, तेच तेथील किनाऱ्यावरही आहे! नोकरीसाठी गेलेली अनेक भारतीय कुटुंबे बहारीनमध्ये राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

समजा, तुम्ही सनदला राहता. घरात एकच लॅपटॉप आहे. त्यावर तुमचा अभ्यास होतो. शुक्रवारी तेथे सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी दहा वाजता तुम्ही त्यावरून गावाकडच्या आजीशी बोलता. तेव्हा आजीकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. एके दिवशी लॅपटॉपचा लहान दिवा लागतो आणि विझतो. वायर बोटाने थोडी वर उचलून धरली की पुन्हा लागतो. बॅटरी ४० टक्के उरली आहे. आता काय कराल?

पहिले काम दुरुस्तीचे नाही. आत जे साठवले आहे, ते वाचवण्याचे आहे. आजीची छायाचित्रे, तिच्या आवाजातील गोष्टी, तुमचा प्रकल्प, हे सारे पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. लॅपटॉप नवा मिळेल. आजीचा तो आवाज दुकानात मिळणार नाही. बॅटरी संपली की हे काम अवघड होते, म्हणून ते त्याच दिवशी करावे.

आता विजेची वाट पाहू. भिंतीवरच्या सॉकेटमधून वीज अ‍ॅडॅप्टरच्या डबीत येते. बहारीनमध्येही आपल्यासारखीच २३० व्होल्टची वीज असते. फक्त तेथील प्लगच्या तिन्ही पिना चपट्या असतात. डबीत या विजेचा दाब खूप कमी होतो. मग ती वायरीतून टोकाच्या पिनेत, पिनेतून लॅपटॉपच्या भोकात आणि तेथून बॅटरीत जाते. या भोकातील भागाला जॅक म्हणतात. या वाटेवर कोठे तरी अडथळा आहे. तो कोठे आहे?

आईला किंवा बाबांना बरोबर घ्या. आधी दुसरे सॉकेट वापरून पाहा. मग शेजारच्या काकूंकडून त्यांचा अ‍ॅडॅप्टर मागून आणा. पण थांबा! तो लावण्यापूर्वी डबीवरील आकडे वाचा. समजा, तुमच्या डबीवर २० व्होल्ट आणि ३.२५ अ‍ॅम्पिअर असे लिहिले आहे. दोन्हींचा गुणाकार करा. ६५ आले ना? म्हणजे तो ६५ वॅटचा अ‍ॅडॅप्टर आहे. पिनेचा आकार, व्होल्ट आणि वॅट जुळले, तरच दुसरा लावावा. पीन भोकात बसली म्हणून अ‍ॅडॅप्टर चालेलच असे नाही.

काकूंच्या अ‍ॅडॅप्टरने दिवा स्थिर राहिला, तर दोष तुमच्या अ‍ॅडॅप्टरचा. लॅपटॉप दुकानात नेण्याचीही गरज नाही. दिवा स्थिर आहे, पण वायर काढताच लॅपटॉप बंद पडतो, तर बॅटरी थकली असावी. आणि दोन्ही अ‍ॅडॅप्टर लावूनही दिवा लुकलुकत राहिला, पीन भोकात हलत राहिली, तर बहुधा जॅकच सैल झाला आहे.

वायरीत पाय अडकणे, लॅपटॉप वायरीसह उचलणे, पलंगावर पीन दाबली जाणे, अशाने जॅक सैल होतो. सैल जोडाच्या जागी उष्णता निर्माण होते. म्हणून जळका वास आला किंवा भोक काळे दिसले, तर अ‍ॅडॅप्टर लगेच बंद करायला मोठ्यांना सांगा. भोकात टाचणी कधीही घालू नका. लॅपटॉपचे झाकण किंवा तळ फुगलेला दिसला, तर बॅटरी फुगली असे समजा. असा लॅपटॉप वापरायचा नाही, दाबायचा नाही आणि विमानातूनही न्यायचा नाही.

दुरुस्ती करणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा : "जॅक वायरीवर आहे की मुख्य पट्टीवर?" काही लॅपटॉपमध्ये जॅक छोट्या वायरीच्या टोकाला असतो. जुना काढायचा, नवा खोचायचा, काम झाले. काहींत तो मुख्य पट्टीला डाख देऊन बसवलेला असतो. डाख म्हणजे कथिल असलेला, लवकर वितळणारा मिश्रधातू. पितळी पातेल्याला कल्हई करताना तुमच्या आजीने पाहिले असेल. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो आणि कथिल फिरवतो. येथेही तापवणे आहे आणि कथिल आहे, पण जागा तांदळाच्या दाण्याएवढी! त्याला सराईत हात लागतो, म्हणून पैसेही जास्त पडतात.

आता हिशेब करू. बहारीनचे नाणे दिनार. एका दिनारचे १००० फिल्स होतात. समजा, दुरुस्तीला १५ दिनार लागतात आणि तसा नवा लॅपटॉप २०० दिनारांना मिळतो. बाकी सर्व ठीक असेल तर दुरुस्ती करावी, यात शंका नाही. पण मुख्य पट्टी जळली आहे, बॅटरीही गेली आहे आणि खर्च १२० दिनार सांगितला, तर? तेव्हा छत्रीवाल्याचे कापड आठवा. लॅपटॉप किती जुना आहे, तेही पाहावे लागते. विंडोज १० या प्रणालीची नेहमीची साथ तिच्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्याहून नवी प्रणाली ज्यावर चालत नाही, अशा लॅपटॉपवर मोठा खर्च करताना मोठी माणसे दोनदा विचार करतात.

कोणी म्हणेल, "सुट्टीत मुंबईला जाऊ, तेव्हा लॅमिंग्टन रोडवर करून घेऊ." तेथे अशी कितीतरी दुकाने आहेत. सुट्टी पुढच्या आठवड्यात असेल तर हे ठीक. तीन महिने असतील तर नाही. तोवर वायर उचलून धरत लॅपटॉप चालवला, तर सैल जोड तापत राहतो आणि १५ दिनारांचे काम १२० वर जाते.

नवाच घ्यायचा ठरले, तर जुना कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला. त्यातील पाव हिस्साही नीट गोळा झाल्याची नोंद नाही. असा कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रातच तो द्यावा.

दुरुस्तीच करायची ठरली, तर हमी किती महिन्यांची, ते पावतीवर लिहून घ्या आणि जुना जॅक परत मागा. घरी आल्यावर तो भिंगाखाली धरा. तो कोठे झिजलेला किंवा सैल झालेला दिसतो का, पाहा बरे!