तंबूतला सिनेमा

(पूर्वी अनेक खेडेगावांत चित्रपटगृह नव्हते. तेथील लोक चित्रपट कसे पाहत, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, तुम्ही चित्रपट कोठे पाहता? कोणी घरी पाहत असेल, कोणी शहरातल्या चित्रपटगृहात, तर कोणी मोबाईलवर. पण ज्या गावात चित्रपटगृहच नव्हते, तेथील माणसे काय करत असतील? त्यांना सिनेमाकडे जावे लागत नसे. सिनेमाच त्यांच्याकडे येई. तो मालमोटारीत बसून येई!

चला, चाळीस वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यातील रात्री जाऊया. गावात उरूस भरला आहे. ऊन उतरले आहे. गार वारा सुटला आहे. दर्ग्यासमोर कव्वाल गात आहेत आणि ढोलकच्या ठेक्यावर लोक टाळ्या देत आहेत. दुकानांत गोडीशेव, रेवड्या आणि मलिदा मांडला आहे. कढईतून गरम भजी निघत आहेत. तुमच्या हातात भेळेचा पुडा आहे. इतक्यात कर्ण्यातून आवाज येतो, "चला, चला! खेळ सुरू होत आहे!"

तुम्ही धावत मैदानात जाता. तेथे मोठा तंबू उभा आहे. चारी बाजूंनी कनाती लावल्या आहेत. एका टोकाला पांढरा पडदा आहे. दुसऱ्या टोकाला मालमोटार उभी असून तिच्यात सिनेमाचे यंत्र बसवले आहे. दूरवर जनरेटर घरघरत आहे. खुर्च्या नाहीत. सारे गाव जमिनीवर बसले आहे. कोणी पोते आणले आहे, कोणी चादर. शेतकरी, मजूर, दुकानदार, हिंदू, मुसलमान सारे एकाच पडद्याकडे पाहत आहेत. यालाच 'टुरिंग टॉकीज' म्हणजे फिरते चित्रपटगृह म्हणत.

हे यंत्र कसे चालत असे? चित्रपटाच्या लांब फितीवर लहान लहान चित्रे असत. यंत्रातला प्रखर दिवा त्यांचा प्रकाश पडद्यावर टाकी. एका सेकंदात २४ चित्रे डोळ्यांसमोरून जात, म्हणून ती आपल्याला हलताना दिसत. अडीच तासांच्या चित्रपटाची फीत चार किलोमीटरांहूनही लांब असे! ती अनेक रिळांवर गुंडाळून पेटीतून आणत. पेटीला उशीर झाला, की सारे गाव ताटकळत बसे. कधी मध्येच फीत तुटे. पडदा एकदम पांढरा होई. लोक शिट्ट्या वाजवत. यंत्र चालवणारा माणूस घाईघाईने तुटलेली टोके कापी, चिकटवी आणि खेळ पुन्हा सुरू करी.

तंबूच्या मालकाचे काम सोपे नव्हते. चित्रपट भाड्याने आणावा लागे. मजुरांना मजुरी द्यावी लागे. उन्हाळ्यात अचानक वळवाचा पाऊस आला, तर खेळ बंद पडे आणि त्या दिवसाची कमाई बुडे. तरीही दुसऱ्या दिवशी तो कनाती वाळवी आणि पुन्हा तंबू उभा करी.

आपल्या देशात सिनेमा पहिल्यांदा ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवला गेला. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांना दाखवला. तेव्हाचे चित्रपट मुके होते. म्हणून खेळ चालू असताना पडद्याजवळ बसून वादक पेटी आणि तबला वाजवत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' हा भारतातील पहिला बोलपट लागला. त्यातील पात्रे तुमच्या ओळखीच्या हिंदुस्थानी भाषेत बोलत होती.

पण मुलांनो, एक गोष्ट ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ज्या चित्रपटासाठी लोकांनी एवढी गर्दी केली, तो आता कोणालाच पाहता येत नाही. तो वेळीच जपून ठेवला गेला नाही. जुने चित्रपट जपण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले.

पुढे घरोघरी दूरदर्शन आले. मग मोबाईल आले. फितीची यंत्रे बंद पडली. मैदानातले तंबू कमी कमी होत गेले. चित्रपट संग्रहालयात ठेवता येतो. पण तंबूतल्या त्या रात्री, त्या शिट्ट्या, ती भेळ कोठे ठेवणार? त्या फक्त वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहेत.

म्हणून एक काम करा. आज संध्याकाळी आजोबांजवळ किंवा आजीजवळ बसा. त्यांना विचारा, "तुम्ही तंबूत सिनेमा पाहिला होता का? कोणाबरोबर गेला होता? काय खाल्ले होते?" ते जे सांगतील, ते वहीत लिहून ठेवा. 'आलम आरा' आपण गमावला. आजी-आजोबांच्या आठवणी मात्र गमावू नका.

शब्दार्थ
कनात – तंबूच्या बाजूला लावलेला कापडी पडदा
कर्णा – आवाज मोठा करणारा भोंगा
ताटकळणे – खूप वेळ वाट पाहत राहणे
वळवाचा पाऊस – उन्हाळ्यात अचानक येणारा पाऊस
पेटी – (१) वस्तू ठेवण्याचा डबा (२) हार्मोनियम
बोलपट – ज्यातील पात्रे बोलतात तो चित्रपट

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सिनेमाचे यंत्र कोठे बसवलेले असे?
(आ) भारतातील पहिला बोलपट कोणता?
२. कारणे लिहा.
(अ) मुक्या चित्रपटांच्या वेळी वादक पडद्याजवळ बसत.
(आ) पाऊस आला, की तंबूच्या मालकाचे नुकसान होई.
३. पडदा, आवाज, दुकान हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा व वाक्यांत वापरा.
४. आजी-आजोबांनी सांगितलेली आठवण आठ-दहा ओळींत लिहा व वर्गात वाचून दाखवा.