टॅबलेटची परिभाषा

शेतातील उभ्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करावी, या हेतूने १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. तेव्हापासून मोबाईल फोन व टॅबलेट ही शेतीकामाचीच साधने झाली आहेत. ती चालविणे अवघड नाही. अडते ते शब्दांपाशी. एका शब्दाचा अर्थ न उमगल्यामुळे पिकाची नोंद यंत्रातच पडून राहते आणि नुकसानभरपाईच्या वेळी पंचाईत होते. म्हणून नित्याचे काही शब्द येथे समजावून दिले आहेत.

१. पडदा, आयकॉन व ॲप

टॅबलेट म्हणजे पाटीच्या आकाराचा, बोटाच्या स्पर्शाने चालणारा संगणक. त्याच्या पडद्याचे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे घेतात. ओल्या वा चिखलाने माखलेल्या बोटाचा स्पर्श पडद्यास नीट कळत नाही; यास्तव हात कोरडे करूनच काम करावे. पडद्यावरील लहान चित्रास आयकॉन म्हणतात. त्यास स्पर्श केला असता ॲप, म्हणजे विशिष्ट कामासाठी रचलेली आज्ञावली, उघडते.

२. रॅम व साठवण

रॅम ही खळ्यासारखी आहे. चालू कामापुरता माल तेथे असतो आणि यंत्र बंद होताच ती रिकामी होते. साठवण ही कणगी होय. तेथे ठेवलेला माल यंत्र बंद झाले तरी टिकतो. दोन्हींचे माप जीबीमध्ये सांगतात. एक जीबी म्हणजे सुमारे १,००० एमबी. एक छायाचित्र ४ एमबीचे धरल्यास एका जीबीत सुमारे २५० छायाचित्रे मावतात. कणगी भरली की नवे छायाचित्र घेता येत नाही. म्हणून निरुपयोगी चित्रे वेळोवेळी काढून टाकावीत.

३. जतन, अपलोड व डाउनलोड

हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. माहिती आपल्याच यंत्रात ठेवणे म्हणजे जतन करणे. ती इंटरनेटद्वारे दूरच्या संगणकाकडे धाडणे म्हणजे अपलोड, आणि तेथून आपल्याकडे आणणे म्हणजे डाउनलोड. पत्र लिहून खिशात ठेवले म्हणजे ते पोचले असे होत नाही. ते टपालात पडावे लागते. त्याचप्रमाणे केवळ जतन केलेली नोंद शासनाकडे पोचलेली नसते. शिवारात नेटवर्क नसल्यास नोंद जतन करावी, परंतु गावात येताच ती अपलोड करून यशस्वी झाल्याचा संदेश पाहावा. मुदतीच्या अखेरच्या दिवसाची वाट पाहू नये.

४. जीपीएस

आकाशातील उपग्रहांच्या संकेतांवरून आपले ठिकाण ओळखण्याच्या पद्धतीस जीपीएस म्हणतात. अचूक ठिकाणासाठी किमान चार उपग्रहांचे संकेत मिळावे लागतात. त्यास इंटरनेट लागतेच असे नाही, मात्र आकाश मोकळे हवे. दाट झाडाखाली किंवा घरात ठिकाण चुकण्याचा संभव असतो. म्हणून छायाचित्र त्याच गटात, उघड्या जागी उभे राहून घ्यावे. काही टॅबलेटमध्ये जीपीएस वा सिमकार्डाची सोय नसते. खरेदीपूर्वी चौकशी करावी.

५. पासवर्ड व ओटीपी

पासवर्ड ही आपण ठरविलेली कायमची किल्ली, तर ओटीपी ही एकाच वेळेपुरती, थोड्या मिनिटांची किल्ली. फोनवरून कोणीही, अधिकारी म्हणवून का होईना, ओटीपी मागितल्यास सांगू नये. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे शब्द केवळ पाठ करून घेऊ नयेत. शेतकऱ्याच्या हाती यंत्र देऊन त्याच्याच बोटाने एक नोंद अपलोड करवून घ्यावी. एकदा स्वहस्ते केलेले काम सहसा विसरत नाही.